रोबोटिक्स स्पर्धेसाठी मुलीला क्लास लावावा का?

सांगलीची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे. घरातला जुना रेडिओ आणि मिक्सर दोन्ही खोलून झालेत (रेडिओ परत जोडला, मिक्सर दुरुस्तीला गेला). तिच्या मैत्रिणी फर्स्ट लेगो लीगसाठी (लेगोचे रोबो बनवायची शाळकरी मुलांची स्पर्धा) एका क्लासला जातात, तिलाही जायचंय. फीचा आकडा ऐकून आमचे हे गप्पच झाले. क्लासवाले म्हणतात, "रोबो आमच्याकडे तयार आहे, मुलांनी फक्त सराव करायचा." एवढे पैसे घालावेत का? की गणिताची शिकवणी बरी?

बिनधास्त_बापू
शिकवणी लावा. रोबोबरोबर फोटो, फॅमिली ग्रुपवर शंभर अंगठे, संपला विषय.

टूलरूमवाले_काका
बापू, जरा दमानं.

ताई, मी पेशानं टूलमेकर, सुट्टीच्या दिवशी एका शाळेच्या संघाला मदत करतो. "रोबो तयार आहे" ऐकलं की तिथून उठायचं. या स्पर्धेत रोबो टेबलावर ठरलेली कामं करतो, त्या खेळाला गुणांचा चौथाच हिस्सा. बाकीचे तीन परीक्षकांसमोर: रोबो कसा घडवला, त्या वर्षीच्या विषयावरचा प्रकल्प, आणि संघ म्हणून वागणं कसं. परीक्षक थेट मुलांना विचारतात, हे चाक का घेतलं, हा हात आधी कसा होता? आयता रोबो घेऊन आलेली पोरं तिथं छताकडे बघतात.

खेळ अडीच मिनिटांचा. रिमोट नाही, आधी लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅमवर चालायचं. मध्येच हात लावला की गुण जातात. शाळेत सरळ जाणारा रोबो हॉलमध्ये बोटभर तिरका जातो. कधी चाक घसरतं, कधी वळण मोजणारा जायरो भरकटतो, कधी तिथल्या दिव्यांनी कलर सेन्सर गोंधळतो. आमच्या एका मुलीनं यावर तोड काढली: रोबो मागे घेऊन भिंतीला टेकवायचा, सरळ झाला की तिथून पुढचं अंतर मोजायचं. आम्ही मशीनवर जॉब स्टॉपरला टेकवून डेटम, म्हणजे मापं जिथून घ्यायची ती जागा, पक्की करतो, तेच हे! मी तिला डेटमचा ड देखील सांगितला नव्हता.

पैशांचं म्हणाल तर आधी शाळेत अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा) आहे का बघा. नीती आयोगाच्या योजनेत निवडलेल्या शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. कुलूप असेल तर मुख्याध्यापकांकडे चावी मागा, लाजू नका. संघात दोन ते दहा मुलं चालतात, खर्च वाटून घेता येतो.

बालेवाडी_रिटर्न
काकांशी सहमत. मी कॉलेजात रोबोकॉन (कॉलेजच्या मुलांची रोबो स्पर्धा) केलं. २०१४ ची आशियाई फेरी पुण्यातच होती. ज्यांनी शाळेत असलं काही केलं होतं, त्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नसे: आधी बॅटरी आणि वायर तपासायची, मग कोडला दोष द्यायचा. बाकीचे आम्ही रात्रभर कोड बदलत बसायचो.

आणखी एक. लेगो लीगमागच्या फर्स्ट या संस्थेची पहिली स्पर्धा १९९२ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये झाली, संघ जेमतेम २८. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स तिचे सल्लागार होते. भांडा जोरात, पण प्रतिस्पर्ध्याला मान द्या, हा त्यांचा आग्रह. समोरच्या संघाचा पार्ट तुटला तर आपला द्यायचा. आमच्या हॉस्टेलवर कुणी चार्जरसुद्धा देत नसे, असो.

बिनधास्त_बापू
रेडिओ परत जोडला म्हणताय? मग लावा बाई पोरीला. पण क्लास नको, शाळाच बघा.

सांगलीची_आई
सगळ्यांचे आभार. क्लासला फोन करून विचारलं, रोबो मुलांनीच बनवला तर? म्हणाले, "मॅडम, त्यात फार वेळ जातो." विषय मिटला. शाळेत लॅब आहे! विज्ञानाच्या बाई तयार आहेत, पण प्रोग्रॅमिंग त्यांनाही नवीन. काका, सुरुवात ब्लॉक्सपासून (स्क्रीनवर सूचनांचे ठोकळे जोडून) की थेट पायथन (कोड टाइप करून)? आणि मिरज-सांगलीकडचं कुणी शनिवारी येऊ शकेल का?

टूलरूमवाले_काका
ब्लॉक्स. पायथन पोरगी स्वतःच मागेल. मी कोल्हापुरात असतो, पहिल्या शनिवारी येतो. लॅबमध्ये कुठला किट आहे त्याचा फोटो टाका, आणि चार्जर सापडतोय का बघा. बहुतेक तोच हरवलेला असतो.