चर्चा: आदर्श शिक्षकाचा पुरस्कार शिक्षकानेच का मागायचा? आणि मुख्याध्यापक बदलले हे पालकांना कोण सांगणार?

पालक_समितीवाला

५ सप्टेंबर आला की आदर्श शिक्षकांची यादी व्हॉट्सअॅपवर फिरते आणि "याला काहून मिळाला, त्याला काहून नाही" हे सुरू होतं. कोणाला मिळाला हे बाजूला ठेवू. कसा मिळतो यावर बोलू.

नागपूरहून तासाभरावर असलेल्या एका गावातल्या सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक सदस्य आहे. मागे आमच्या एका मॅडमचा प्रस्ताव तयार होताना पाहिला. स्पायरल बाइंडिंगची जाडजूड फाईल, पानापानावर रंगीत फोटो: वृक्षारोपण, प्रभातफेरी, लोकवर्गणीतून आलेला वॉटर फिल्टर. मागे पेपरची कात्रणं, सरपंचांचं शिफारसपत्र, वरिष्ठांचे अभिप्राय. दिवाळीनंतर वीटभट्टीवर बाहेरची कुटुंबं येतात. त्यांची पोरं मॅडम स्वतः जाऊन वर्गात आणतात आणि ती परत जाईपर्यंत त्यांना वाचायला लावतात. गावात मॅडमचं नाव आहे ते या कामामुळे. फाईलमध्ये त्याचं एक पान नव्हतं. विचारलं, तर म्हणाल्या, "त्याचा फोटो काय काढू? पोरं आहेत, कार्यक्रम थोडाच आहे."

माझं म्हणणं असं की शिक्षकाने स्वतःची फाईल करून स्वतःचा गौरव मागावा ही पद्धत बंद व्हावी. समितीने आणि गावाने नाव सुचवावं, खात्याने येऊन तपासावं. आणि शिक्षकांपुरतंच कशाला? खिचडी शिजवणाऱ्या ताईंचंही नाव यावं.

दुसरी गोष्ट. उन्हाळ्यात आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. उघडली तेव्हा दारावर जुनंच नाव होतं, आणि दाखला मागायला गेलेल्या पालकांना उत्तर मिळालं, "चार्ज कोणाकडे जाते ते पाहू." चार्ज कोणाकडे गेला हे शेवटी आम्हाला किराणा दुकानात कळलं. माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ४ सांगतं की अधिकाऱ्यांची, कामांची माहिती कोणी न मागता जाहीर करायची. मग शाळेचा प्रमुख बदलला, गटशिक्षणाधिकारी बदलले, हे पालकांना त्याच आठवड्यात का कळू नये?

निवृत्त_केंद्रप्रमुख

हेतू चांगला आहे, पण फाईलवर एवढं चिडू नका. या फाईली मी वर्षानुवर्षं तपासल्या आहेत. त्या का आल्या तेही ऐका.

पूर्वी आदर्श शिक्षकाला शालीबरोबर जादा वेतनवाढ मिळायची. म्हणजे निवृत्तीपर्यंत दर महिन्याला फरक पडायचा. तेव्हा नावं कशी ठरायची हे जुन्या लोकांना विचारा. "आमच्या सर्कलमधला घ्या" असा निरोप यायचा आणि नाव पक्कं व्हायचं. निकष आले, गुण आले, प्रस्ताव आला, तेव्हा निदान नाकारलेल्या माणसाला "दाखवा याला किती गुण दिले" असं विचारता येऊ लागलं. फाईल खोटी असू शकते, मान्य. पण कागद काढून टाकला की त्या जागी पुढारी येऊन बसतो.

राष्ट्रीय पुरस्काराचंही बघा. २०१८ मध्ये नियम बदलले आणि शिक्षकाला स्वतः ऑनलाइन अर्ज करायची मुभा मिळाली. त्याआधी नाव खालून वर साहेबांच्या मर्जीने जायचं. पुरस्कारांची संख्याही तीनशेच्या वरून पन्नासच्या आत आली. स्वतः अर्ज करता येणं ही शिक्षकाला मिळालेली सोय आहे. ती अपमान म्हणून का बघायची?

आणि समितीने नाव सुचवायचं म्हणता, तर समितीत कोण असतं? सरपंचांचा पुतण्या, पोलीस पाटलांची सून. जे गुरुजी गावकीच्या भांडणात पडत नाहीत, त्यांचं नाव कोण घेणार?

भिवापूरचा_मास्तर

दोघांनाही नमस्कार. मले दोन्ही पद्धती नको.

मी वीस वर्षांच्या वर नोकरीत आहो. शाल नको, श्रीफळ नको, ते भिंतीवर ठोकायचं सन्मानचिन्ह तर अजिबात नको. मले वर्गात राहू द्या, एवढंच मागून राह्यलो. सकाळी आलो की ऑनलाइन हजेरी, मग पोषण आहाराची नोंद, मग "आजच्या आज माहिती पाठवा" म्हणून लिंक. त्यात बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणते शिक्षकाले अशैक्षणिक कामं देऊ नका. आमच्याकडे ते कलम वाचून दाखवणाऱ्यालेच पहिले काम लागते.

वर्षभर राबवायचं आणि ५ सप्टेंबरले एका तासात समाजाचा शिल्पकार करून टाकायचं! त्या दिवशी स्टेजवर साहेब बसतात, आम्ही ऊन खात खाली. तालुक्याले एक नाव निघते. बाकीचे शेकडो काय बिघडवून राह्यले?

निवृत्त_केंद्रप्रमुख

@भिवापूरचा_मास्तर, कलम २७ पुरतं वाचा. दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यातून वगळल्या आहेत. बीएलओवरून भांडायचं तर भांडा, पण त्या कलमाच्या आधारावर जिंकाल असं मला वाटत नाही. लिंकांबद्दल मात्र पूर्ण सहमत. त्या लिंका मीच पाठवायचो, मलाही वरून आलेल्या असायच्या.

भिवापूरचा_मास्तर

कलम पाठ आहे सर. मतदार यादीचं काम निवडणुकीपुरतं राह्यलं असतं तर बोललोच नसतो. ते बारा महिने चालते.

खडू_आणि_पोरं

मी थोडं वेगळं बोलते, कारण तो पुरस्कार मला मिळाला आहे. तालुक्याचा. फाईल मीच केली आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पुरस्काराच्या आधी आमच्या गावातून रोज सकाळी कॉन्व्हेंटची व्हॅन पोरं भरून न्यायची. माझ्या वर्गात पट कमी होत होता. पेपरात नाव आलं, गावात फ्लेक्स लागला (मी लावला नाही, पोरांच्या बापांनी लावला), आणि पुढच्या जूनमध्ये दोन-तीन घरांनी विचार बदलला. दुसरीतलं पोरगं मराठी आणि इंग्रजी वाचतं हे मी आधीही सांगत होते, कोणी ऐकत नव्हतं. पुरस्कारानंतर माझं तेच वाक्य लोक ऐकू लागले. चुकीचं असेल, पण आहे हे असं आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलर. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ जणांना वाटून टाकली. त्या आठवड्यात माझ्या सासरच्यांनी पहिल्यांदा विचारलं, "तुमच्या झेडपीच्या शाळेत नेमकं काय करतात गं?" तोवर झेडपीची मास्तरीण म्हणजे सुट्ट्या भरपूर, एवढंच त्यांना माहीत होतं.

म्हणून गौरवाला "नाटक" म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. मास्तर, तुम्हाला शाल नको असेल तर नका घेऊ, पण ज्या गुरुजींच्या शाळेचा पट दहावर आला आहे त्यांना ती कामाची वस्तू आहे.

इतवारी_ते_सदर

मला पहिल्या मुद्द्यापेक्षा दुसऱ्याची भीती वाटते. नियुक्त्यांच्या बातम्या द्या म्हणता, पण आपल्याकडे त्या कशा दिल्या जातात हे माहीत आहे ना? "मा. श्री. साहेब यांची पदोन्नती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, शुभेच्छुक: समस्त..." आणि खाली वीस जणांचे पासपोर्ट फोटो. खात्याच्या सोशल मीडियावरच्या पानावर एकदा हे सुरू झालं की प्रत्येक बदलीला पुष्पगुच्छ, प्रत्येक सदिच्छा भेटीला फोटो. शिक्षकांच्या बातम्या तिसऱ्या दिवशी खाली जातील. वर साहेब आणि साहेबच.

आणि जी बातमी खरंच लोकांना कळायला हवी ती यात कधी येणार नाही. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं (शिक्षकाचा पगार ज्या ऑनलाइन क्रमांकावर निघतो तो) प्रकरण बाहेर आलं, खासगी अनुदानित शाळांमधल्या नेमणुकांचं. शिक्षण उपसंचालकांपर्यंत अटक झाली. ते लोकांनी कुठं वाचलं? पेपरात. खात्याने आपल्या पानावर "या खुर्चीवर आता हे बसतील, तुमची कामं यांच्याकडे" एवढं तरी टाकायला हवं होतं की नाही?

पालक_समितीवाला

@इतवारी_ते_सदर, हे तर माझ्याच बाजूचं बोललात. मला अभिनंदन नकोच आहे. तीन ओळी हव्यात: कोण, कोणत्या तारखेपासून, आणि प्रभारी असतील तर प्रभारी असं स्पष्ट. फोटो नको, "मा." नको. शाळेच्या फलकावर आणि पालकांच्या ग्रुपवर एकाच दिवशी टाकायचं.

"प्रभारी" हे लिहायचं टाळतात, कारण लिहिलं की खुर्ची किती दिवस रिकामी आहे हे सगळ्यांना दिसतं. दिसू द्या की.

निवृत्त_केंद्रप्रमुख

प्रभारीवर बोलतो, तो माझा विषय आहे. राज्यात ४,८६० केंद्रं आहेत, एकेका केंद्रात दहा-पंधरा शाळा. माझं स्वतःचं एक केंद्र होतं आणि शेवटची काही वर्षं शेजारच्या दुसऱ्याचा प्रभार. शाळा दुप्पट, मोटारसायकल तीच. कोणत्या शाळेत मी शेवटचा कधी गेलो हे डायरी बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही. अशा माणसाने कोणता शिक्षक आदर्श हे ठरवायचं, आणि तुम्ही म्हणता "खात्याने येऊन तपासावं". येणार कोण?

त्यामुळे नियुक्तीची तीन ओळींची सूचना, तिला माझा पाठिंबा. उलट मी म्हणतो, पद रिकामं झालं की तेही त्याच फलकावर लिहा. पण गावाने नावं सुचवायची याला विरोध कायम. समितीचा ठराव म्हणजे सरपंचाचा ठराव.

कामठीची_आई

सर, समितीबद्दल बोलताना एक सोडून राहिले तुम्ही. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बाया. आमच्या समितीत आधी बाया फक्त सहीपुरत्या होत्या, नवरे घरी रजिस्टर आणायचे. आता सभेला येतो आम्ही. कोणता गुरुजी मोबाइल पाहत बसते आणि कोणता पोराच्या बाजूला बसून शिकवते हे आमच्याएवढं कोणाले माहीत? पोरगं घरी येऊन सगळं सांगते.

आणि पहिल्या पोस्टमधली खिचडीवाल्या ताईंची गोष्ट कोणीच उचलली नाही. सगळे शिक्षक शिक्षक करून राहिले. आमच्या शाळेत ज्या ताई शिजवतात त्यांना मानधन काही वर्षांपूर्वी १,५०० चं २,५०० झालं. महिन्याचं! तेही वेळेवर येत नाही. पोरांना तिखट लागते म्हणून त्या दोन भाज्या वेगळ्या करतात, छोट्यांची आणि मोठ्यांची. हे कोणत्या फाईलमध्ये येते? त्यांना शाल देऊन तीन महिन्यांचं मानधन थांबवलं तर मात्र मीच ती शाल परत नेऊन देईन.

भिवापूरचा_मास्तर

ताई, हे मले पटलं. आधी पैसे, मग शाल. पहिलेपासून हेच बोलून राह्यलो.

खडू_आणि_पोरं

मास्तर, पण पैसे येईपर्यंत कोणाचं कौतुकच करायचं नाही का? मानधन मंत्रालयातून अडतं. कौतुक आपल्या हातात आहे, त्याला कोणाचं बिल मंजूर व्हावं लागत नाही. २६ जानेवारीला झेंड्याखाली त्या ताईंचं नाव घ्यायला कोणती फाईल लागते? आमच्याकडे आम्ही घेतो. राज्याचा पुरस्कार सावित्रीमाईंच्या नावाने आहे. सावित्रीमाईंनी काय प्रस्ताव पाठवला होता?

इतवारी_ते_सदर

@खडू_आणि_पोरं, झेंड्याखाली नाव घेणं छान, पण त्याला पुरस्कार म्हणत नाहीत. ज्या गौरवाने बदलीत, बढतीत, पगारात काहीच फरक पडत नाही तो देणाऱ्याला स्वस्त पडतो, म्हणून तो वाटत सुटतात. वेतनवाढ होती तेव्हा भानगडी होत्या, केंद्रप्रमुख सर म्हणतात ते खरं. पण तेव्हा निदान देणाऱ्याच्या खिशातून काही जात होतं.

निवृत्त_केंद्रप्रमुख

खिशातून जात होतं म्हणूनच कोर्टकज्जे झाले, तेही लिहा.

@कामठीची_आई, तुमची समिती तशी असेल तर मी हात जोडतो. मी पाहिलेल्या बहुतेक तशा नव्हत्या. तरी एक मधला मार्ग सांगतो, धागाकर्त्यांना पटतो का बघा. प्रस्ताव शिक्षकाचाच राहू द्या, गुणही राहू द्या. त्यात समितीचं एक पान सक्तीचं करा, पालकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं, शिक्षकाला न दाखवता बंद पाकिटात. त्या पानाला उपक्रमांच्या फोटोंपेक्षा जास्त गुण.

पालक_समितीवाला

बंद पाकीट चालेल. शिक्षकाने स्वतः फाईल करणं मला अजूनही पटत नाही, पण वीटभट्टीची पोरं त्या एका पानात येतील. फक्त ते पान कोण लिहिणार? आमच्याकडे निम्म्या सदस्यांना लिहायचा कंटाळा आहे आणि उरलेल्यांचं अक्षर मॅडम ओळखतात, कारण त्यांना लिहायला मॅडमनीच शिकवलं.

कामठीची_आई

मग पोरांकडून लिहून घ्या. चौथीच्या.

निवृत्त_केंद्रप्रमुख

पोरांना यात ओढू नका ताई. दुसऱ्याच दिवशी वर्गात "पोरांनो, माझ्याबद्दल काय लिहाल?" सुरू होईल.