जँगोचं पहिलं पुस्तक: दीडशेचं जुनं घेऊ का?

बीकॉम_गोंधळलेला
नमस्कार मंडळी. दिवसा हिशेब, रात्री पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, असं पाच महिने चाललंय. फंक्शन, डिक्शनरी, थोडेफार क्लास जमतात. आता जँगो (पायथनमध्ये वेबसाइट उभारायची तयार चौकट) शिकून मामांच्या खताच्या दुकानाची उधारीची वही वेबवर आणायची आहे. शनिवारी अप्पा बळवंत चौकात जुन्या ढिगात जँगो १.११ वरचं जाडजूड पुस्तक दीडशेला दिसलं. नवं मागवायचं तर बाराशेच्या पुढे. दुकानदार म्हणाला, "पुस्तक काय शिळं होतं का?" बाजूला ठेवायला सांगून आलोय. घेऊ का?

खडूस_डेव्हलपर
नका घेऊ. शिळं होतं. १.११ आलं एप्रिल २०१७ मध्ये, सपोर्ट (सुरक्षेच्या दुरुस्त्या) संपला एप्रिल २०२० मध्ये. पायथन २ वर चालणारं ते शेवटचं व्हर्जन. त्यात यूआरएल (पानांचे पत्ते) रेग्युलर एक्स्प्रेशननं, म्हणजे अक्षरांच्या किचकट साच्यांनी लिहायचे, २.० पासून सोपं पाथ() आलं आणि ते जुनं यूआरएल() ४.० मध्ये काढूनच टाकलं. फॉरिन-कीला (एका नोंदीचा दुसरीशी दुवा) ऑन_डिलीट (मूळ नोंद पुसली तर काय करायचं) आता द्यावंच लागतं, त्या पुस्तकात ते असेलच असं नाही. तिसऱ्या पानावर एरर येईल आणि तुम्हाला वाटेल आपलंच डोकं चालत नाही.
खरं तर पुस्तकच नको. जँगोचं डॉक्युमेंटेशन फुकट आहे, मतदानाचं ॲप बनवायचं टुटोरियल आठ भागांत आहे. ते करा आणि कामाला लागा.

रद्दीतला_वाचक
काहीही! मी १.८ च्या पुस्तकावर शिकलो. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रकल्पापुरत्या वेगळ्या कप्प्यात) पुस्तकातलंच व्हर्जन टाका, सगळं चालतं. मॉडेल (माहितीचा आराखडा), व्ह्यू (विनंतीला उत्तर देणारा कोड), टेम्प्लेट (पानाचा साचा) ही कल्पना तेव्हाही तीच होती, आजही तीच आहे.

खडूस_डेव्हलपर
१.११ ला पायथन ३.७ च्या पुढचं चालवायचं नाही, आणि ३.७ चा सपोर्टही २०२३ मध्येच संपला. म्हणजे गोठा जुना म्हणून गायही म्हातारीच आणायची. वर त्यात गावभरच्या लोकांची उधारी ठेवणार?

सायंशाळा
मी संध्याकाळी मुलांना वेब डेव्हलपमेंट शिकवते. खडूसराव, जुनं पुस्तक नको हे मान्य. पण "डॉक्युमेंटेशन वाचा" हा सल्ला ज्याला आधीच येतं त्याचा असतो. त्या टुटोरियलच्या चौथ्या भागात जेनेरिक (जँगोनं तयार दिलेले) व्ह्यू येतात आणि आदल्या भागात घाम गाळून लिहिलेला कोड पुसायला सांगतात. अनुभवी माणूस "वा!" म्हणतो. माझी मुलं विचारतात, "मग आधी कशाला लिहायला लावलं?" शिवाय ॲडमिन (नोंदी भरायला जँगोनं तयार दिलेली पानं) सोडलं तर त्यात ग्राहकासाठी लॉगिन कुठेच नाही. मामांची वही लॉगिनशिवाय कशी चालेल?
पुस्तकाचं काम असतं एकाच प्रकल्पाचा हात धरून शेवटपर्यंत नेणं. म्हणून बीकॉमराव, पुस्तक विकत घेण्याआधी चाळा. ब्राउझरमधून निघालेली विनंती यूआरएल, व्ह्यू, टेम्प्लेट अशी कुठून कुठे जाते हे आकृती काढून दाखवलंय का? पहिल्या मायग्रेटच्या (मॉडेलप्रमाणे डेटाबेस तयार करायची आज्ञा) आधी स्वतःचं यूजर मॉडेल करायला सांगितलंय का? ते नंतर बदलायला गेलं की रडकुंडीला येतो माणूस. आणि तुम्ही हिशेबातले म्हणून एक खास: रकमेसाठी फ्लोटफील्ड (अपूर्णांक अंदाजे साठवणारा रकाना) वापरलेलं दिसलं तर पुस्तक तिथेच मिटा. पैशांना डेसिमलफील्डच, ते दशांश नेमके साठवतं. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, हे तुमच्या मामांना कसं समजावणार?

रद्दीतला_वाचक
फ्लोटफील्डचा मुद्दा पटला. जुन्या पुस्तकाबद्दलचा नाही.

बघा_आणि_शिका
व्हिडिओ बघा राव. पुस्तकं कोण वाचतं?

सायंशाळा
व्हिडिओ बघून सगळं समजल्यासारखं वाटतं. बंद करून कोरी फाइल उघडली की कळतं.

चहा_आणि_कोड
एक अवांतर. जँगो जन्मलं अमेरिकेत, कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्रात, २००३ मध्ये. बातमीची वेळ गाठायची म्हणून झटपट साइट उभ्या करायच्या, आणि संपादकांना मजकूर भरायला तयार ॲडमिन हवं. (नाव गिटारवादक जँगो राइनहार्टवरून.) सांगायचं कारण, मामा एकटेच नोंदी करणार असतील तर अर्धी वही नुसत्या ॲडमिनवर होईल. दोन मॉडेलं: ग्राहक आणि नोंद. आधी ते करा, पुस्तक पुढच्या पगाराला.

बीकॉम_गोंधळलेला
सगळ्यांचे आभार. दुकानदाराला नाही म्हणून सांगितलं. मित्राकडे ४.० वरचं पुस्तक आहे, आकृती आहे, डेसिमलफील्डही आहे. मी ५.२ टाकलंय. चालेल?

खडूस_डेव्हलपर
बरंचसं चालेल. लॉगआउटला अडकाल. साध्या लिंकनं लॉगआउट करणं ५.० पासून बंद आहे, ४०५ एरर (ही पद्धत चालत नाही) येईल. छोटा फॉर्म करून पोस्ट पद्धतीनं पाठवा, सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आल्याची खूण) विसरू नका. ५.२ घेतलंत ते बरं केलंत, एलटीएस आहे, म्हणजे सपोर्ट जास्त काळ मिळतो.

सायंशाळा
बघा, पुस्तकच वापरा म्हणालात शेवटी!

खडूस_डेव्हलपर
मित्राचं आहे, फुकट आहे. फुकट असेल तर माझी हरकत नाही.

बीकॉम_गोंधळलेला
४०५ आला. 😀 फॉर्म केला, झालं. ग्राहकाचं मॉडेल ॲडमिनमध्ये दिसतंय. मामा विचारतायत, व्याजाचा रकाना कुठाय.