रात्री बाराला नवा डेटा पडतो आणि पोरगं उठून बसतं

मुक्कामी:

मी एस.टी.त कंडक्टर आहे, कराड बाजूला. आठवड्यातले तीन दिवस मुक्कामी गाडी असते. पाटणच्या वर एका वाडीत रात्री साडेआठला पोचतो, सकाळी सहाला निघतो. तिथं रेंज फक्त देवळाच्या कट्ट्यावर, ती पण एक काडी. त्यामुळं रात्री घरात काय चाललंय ते मला सकाळी गाडी खाली उतरल्यावरच कळतं.

मुलगा दहावीला आहे. जूनमध्ये फोन घेऊन दिला, कारण क्लासवाले सगळं व्हॉट्सॲपवर टाकतात. टाकायची वेळ रात्री साडेदहा. (त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.) दिवसाला दीड जीबीचा ८४ दिवसांचा पॅक मारत होतो. दिवाळीनंतर म्हणायला लागला, "पप्पा, डेटा पुरत नाही, संध्याकाळी क्लासचा व्हिडिओ नुसता फिरत बसतो, दोन जीबीचा मारा." अभ्यासाला कमी कशाला पाडायचं, म्हणून मारला. पंधरा दिवसांत परत तेच रडगाणं.

गेल्या रविवारी माझ्या फोनची बॅटरी उतरली होती. डेपोत फोन करायचा म्हणून त्याचा घेतला. कंपनीचे मेसेज तसेच पडलेले. पहिला, आजचा ५० टक्के डेटा संपला, वेळ रात्री १२.५८. दुसरा, १०० टक्के संपला, वेळ २.२४. मागचे बघत गेलो तर रोज तेच. आयुष्य वेबिल जुळवण्यात गेलं, आकडे दिसले की हात आपोआप हिशेबाला लागतो. मी मुक्कामाला असतो त्याच रात्री असतं तर एक वेळ समजलो असतो. मी शेजारच्या खोलीत घोरत होतो त्या रात्री पण तेच. म्हणजे बाराला नवा डेटा पडतो, हे उठून बसतं, अडीचपर्यंत दोन जीबी फस्त, आणि मग दिवसभर ६४ केबीपीएसवर क्लासचा व्हिडिओ फिरतोय. वरचा अर्धा जीबी मी त्याच्या जागरणाला दिला.

बायको अंगणवाडीत मदतनीस आहे. दिवसभर पायावर उभी, साडेनऊला तिचे डोळे मिटतात. म्हणाली, फोन माझ्या उशाखाली ठेवते. दोन दिवस बरं गेलं. तिसऱ्या दिवशी पहाटे बघते तर उशाखाली फोनचं नुसतं कव्हर, आणि आत गाइडचा पुठ्ठा कापून बसवलेला. अगदी मापात. कार्यानुभवाला त्यानं एवढं नीट कधी कापलं नव्हतं.

फोन काढून घेतला तर क्लासचं अडतं. घरी वायफाय नाही. फोन चालू ठेवून रात्री दहा ते सहा फक्त नेट बंद करता येतं का? कुणी केलंय का? मारा म्हणून कुणी सांगू नका, ते माझ्या वडिलांनी माझ्यावर करून बघितलंय.

डोंबिवलीकर बाबा:

गूगलचं फॅमिली लिंक टाका, फुकट आहे. तुमच्या फोनवर पालकाचं, त्याच्या फोनवर मुलाचं. त्यात 'डाउनटाइम' रात्री १० ते सकाळी ६ लावलात की फोन लॉक होतो, आलेला कॉल मात्र उचलता येतो. वेळापत्रक एकदा लावून ठेवलं की तुम्हाला वाडीत रेंज असो नसो, फरक पडत नाही. पण त्याला समोर बसवूनच लावा. चोरून लागत नाही.

तुमच्याकडं वायफाय नाही ते एका अर्थी बरंच आहे. मी राउटरमध्ये जाऊन मुलीचा फोन रात्री अकराला ब्लॉक केला होता. आठवडाभर घरात शांतता, मी खूश. नंतर कळलं की अँड्रॉइड १० पासून पुढचे फोन वायफायला आपला खरा मॅक पत्ता (राउटर ज्यावरून फोन ओळखतो तो नंबर) न देता बनावट देतात. मी ब्लॉक केला तो बनावट. तिनं सेटिंगमध्ये जाऊन खरा चालू केला, राउटरला वाटलं घरात नवीनच पाहुणा आलाय. आता उलटं केलंय, यादीत असेल त्यालाच आत. यात माझे दोन शनिवार गेले, आणि बायकोचा ऑफिसचा लॅपटॉप यादीत घालायचा राहिला, त्यावर काय झालं ते सांगत नाही.

किराणा आणि रिचार्ज:

दुकानात रिचार्ज मारतो म्हणून सांगतो. ट्रायनं (फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला, तेव्हापासून कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवावे लागतात. २०२५ च्या जानेवारीत आले. म्हाताऱ्या माणसांसाठी आणि साध्या फोनवाल्यांसाठी आले, पण माझ्याकडं दहावी-बारावीच्या आया येऊन मारून घेतात. पोराच्या सिमला तो मारा. नेट द्यायचं वहिनींच्या फोनच्या हॉटस्पॉटवरनं. वहिनी झोपल्या की नेट झोपलं.

पासवर्ड लग्नाची तारीख ठेवू नका. वहिनींच्या फोनला बोटाचं लॉक असेल तर ते काढून नंबरचं करा. झोपलेल्या माणसाचं बोट पण चालतं. गल्लीतलंच उदाहरण आहे.

हॉस्टेल रूम १४:

काका, मी इंजिनीअरिंग सेकंड इयरला आहे. चार वर्षांपूर्वी तुमच्या मुलाच्या जागी मी होतो. पुठ्ठा भारी आहे, मी जुना बंद पडलेला फोन ठेवायचो.

तो रात्री ऑनलाइन गेम खेळत असणार. नुसत्या गेमला तासाला शंभर एमबी म्हणजे डोक्यावरून पाणी. दोन जीबी जातंय म्हणजे मॅच लागेपर्यंत रील, नाहीतर कुणाची तरी लाइव्ह बघणं चालू आहे. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. बारा ही वेळ त्यानं ठरवलेली नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या पोरांचा डेटा संपलेला असतो आणि बाराला सगळ्यांचा एकदम येतो, म्हणून स्क्वॉड, म्हणजे गेममधली टीम, बाराला जमतो. चौघं लागतात. एकजण आला नाही तर बाकीचे तिघं दुसऱ्या दिवशी शाळेत त्याला सोडत नाहीत. तुम्ही म्हणता तो उठून बसतो, पण त्याला उठवणारे तिघं आहेत.

माझं सुटलं ते आईनं फोन लपवला म्हणून नाही. आमच्यातले दोघं कोटाला गेले, उरलेल्या दोघांत मजा नव्हती. तुम्ही आधी ते तिघं कोण आहेत ते शोधा, सिममध्ये काय घालायचं ते मागनं बघा. आणि चालू मॅचमधनं फोन ओढू नका. अर्ध्या तासाची असते, संपू द्या. मधेच ओढलात तर तो तुमच्याशी आठवडाभर बोलणार नाही, आणि तिघं त्याच्याशी.

बाई, कडेगाव:

रूम १४ चं बरोबर आहे. आमच्या तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तुमच्या कराडपासून लांब नाही. तिथं ग्रामसभेत ठरवून २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद, साडेआठला दुसरा भोंगा झाला की चालू. दीड तास. बाहेरगावची माणसं येऊन भोंग्याचा फोटो काढून जातात. भोंग्यात काय आहे? शेजारचं पोरगं पण पुस्तक घेऊन बसलंय, आपण काही चुकवत नाही, एवढं कळलं की आपलंही बसतं. तुमची गोम तीच आहे, फक्त रात्री बाराला भोंगा कोण वाजवणार.

आणखी एक. या वयात शरीराचं घड्याळच पुढं सरकतं, झोप उशिरा येते. लागते मात्र आठ ते दहा तास. शासनानं २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा नऊनंतर भरवायला सांगितल्या, लहानांची झोप होत नाही म्हणून. दहावीचं पोर मात्र सकाळी सातच्या जादा तासाला हजर पाहिजे. (आमच्याच शाळेत आहे. मीच घेते.) तेव्हा दहाला फोन काढून घेतलात तरी अकरापर्यंत ते आढ्याकडं बघत पडणार. त्याचा राग धरू नका.

मुक्कामी:

अकरा दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार.

त्याला मेसेजच्या वेळा दाखवल्या. आधी म्हणाला कंपनीचं घड्याळ चुकीचं आहे. फुकट्या प्रवासी पण असंच म्हणतो, तिकीट होतं, पडलं कुठंतरी. मी गप्प बसलो. पाचेक मिनिटांनी तिघांची नावं आली. एक भाजीच्या व्यापाऱ्याचा, एक सोसायटीतला, आणि एक माझ्याच गाडीच्या ड्रायव्हरचा. आम्ही दोघं वर वाडीत कट्ट्यावर एक काडी रेंज धरून बसायचो, 'झोपला का?' म्हणून घरी मेसेज टाकायचो, आणि खाली दोघांची पोरं एका टीममध्ये.

ड्रायव्हर तिथंच तयार झाला. व्यापाऱ्याला पहाटे तीनला मार्केटला जायचं असतं, तो म्हणाला, बरं झालं सांगितलंत, मी उठायचो तेव्हा हा 'अभ्यास झाला, आता झोपतो' म्हणायचा. तिघांच्या फोनला दहा ते सहा डाउनटाइम लावला, तिघांना समोर बसवून. बदल्यात शुक्रवार-शनिवार नऊ ते साडेदहा खेळायचं, त्या दोन दिवशी डाउनटाइम पण साडेदहाचा, आणि कुणी हाक मारायची नाही. ही अट त्यांनीच घातली. डेटा नसलेला पॅक सध्या नाही, दोन जीबीवाल्याचे अजून पन्नास दिवस आहेत, पैसे भरलेत.

पहिले चार दिवस बारा वाजता आपोआप उठत होता, बायकोनं सांगितलं. पाणी प्यायचा, पायरीवर बसायचा, मांजराशी काहीतरी बोलायचा, परत आत. पाचव्या दिवसापासनं उठला नाही, निदान तिला तरी कळलं नाही. उशाखाली आता काही ठेवत नाही ती.

सोसायटीवाल्याचे वडील म्हणाले, आमचा दार लावून अभ्यास करतो. मी म्हटलं, फक्त कंपनीचे मेसेज बघा, ५० टक्के कधी आणि १०० टक्के कधी. बघतो म्हणालेत.

क्लासवाल्यांना पण सांगून आलो, काय टाकायचं ते नऊच्या आत टाका. मान हलवली. काल टाकलं, १०.४७.