ग्रुपने फोटो काढले की सगळ्यांचे सारखेच का येतात?

शेवगा_५०: आम्ही आठ-नऊ जण रविवारी सकाळी कॅमेरे घेऊन पुण्यात भटकतो. परवा महात्मा फुले मंडईत गेलो. नंतर पाहतो तर सगळ्यांकडे त्याच लिंबूवाल्या मावशी, तोच अँगल, आणि मावशी वैतागलेल्या. व्हॉट्सॲपवर मात्र प्रत्येकाला 'कडक!' आणि अंगठे. एकट्याने जायला मी बुजतो. ग्रुपमध्ये सराव करणारे नेमकं काय करता? की सगळं मिसळीचं निमित्त?

तर्रीबाज: मिसळ फोटोंनंतर खा. आधी खाल्लीत तर उजेडही जातो आणि उत्साहही.

जुना_रोल: मावशी वैतागणारच. आठ कॅमेरे एकदम तोंडासमोर आले तर तुम्ही हसाल का?

आम्ही मंडईत शिरलो की जोड्या पाडतो आणि पांगतो. आधी पाव किलो काहीतरी घ्यायचं, दोन शब्द बोलायचे, विचारायचं, मगच कॅमेरा वर. (त्यामुळे आमच्याकडे रविवारी कायम वांगी. त्यावर बायकोचं मत इथे लिहीत नाही.)

'मंडई' हा विषय देऊ नका, फार ऐसपैस होतो. 'हात' द्या, 'पाठमोरी माणसं' द्या. इमारत १८८६ची, तेव्हाचं रे मार्केट. छप्पर उंच, त्यामुळे आत उजेड मऊ असतो पण कमी. त्यात गाळ्यावरचा बल्ब पिवळा आणि दारातून येणारा उजेड निळसर, म्हणून रॉ फाइलच (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, रंग घरी सावरता येतात. ५० एमएमची लेन्स असेल तर एफ २ (लेन्सचं तोंड बरंच उघडं), शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १६०० इथून सुरुवात करून बघा.

पण खरी गंमत नंतर. प्रत्येकाने तीनच फोटो आणायचे. मोठ्या स्क्रीनवर, नाव न सांगता लावायचे. ज्याचा फोटो त्याने तोंड मिटून बसायचं. बाकीच्यांनी नजर आधी कुठे गेली आणि कुठे अडली, तेवढंच सांगायचं. 'मस्त' म्हणायला बंदी. मागे एका ताईंनी पारड्यात पडणाऱ्या मिरच्या टिपल्या होत्या. मी त्याच गाळ्यासमोर उभा होतो, पण मला त्या दिसल्याच नाहीत. हे व्हॉट्सॲपच्या अंगठ्यांतून कसं कळणार?

सायलीची_आई: जुना_रोल काका, गप्प बसायचा नियम नवख्यांना जड जातो हो. आमच्याकडे एक मुलगी तेवढ्यावरून यायची बंद झाली. आता फोटो कुणाचाही असो, पहिल्यांदा त्यात काय जमलंय ते सांगतो, खोट नंतर.

जुना_रोल: पटलं. आमच्यात सगळे निगरगट्ट, म्हणून चालून जातं.

शेवगा_५०: येत्या रविवारी 'हात' घेतो. दोघांकडे फक्त मोबाइल आहे, चालेल ना?

जुना_रोल: पळेल. स्क्रीनवर दिसणाऱ्या हातावर टॅप करून उजेड जरा खाली ओढायला सांगा, बल्बखाली कातडी पांढरी पडते. आणि लवकर पोचा, गर्दी वाढली की तुम्ही गिऱ्हाइकांची वाट अडवता.