मदत हवी आहे: बोगनवेलीच्या काट्याच्या टोकाला फूल आलंय, हे काय प्रकरण?

नमस्कार मंडळी, वनस्पतीशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. कुंडीत बोगनवेल आहे, तीनेक वर्षांची. परवा छाटताना अंगठ्यात काटा गेला आणि आतच मोडला, मग रागारागाने त्या फांदीकडे बघतोय तर वरच्या एका काट्याच्या अगदी टोकाला दोन चिमुकली गुलाबी पानं आणि मधे मोहरीएवढी कळी! आधी वाटलं कुठून तरी उडून अडकलंय, फुंकर मारली, हलवून बघितलं, पण नाही, काट्यातूनच आलेलं.

तेव्हापासून रोज सकाळी मुलीचं भिंग घेऊन कुंडीपाशी बसतो (घरचे हसतात). काटा दरवेळी पानाच्या बेचक्यातच असतो, देठाच्या बरोबर वर, आणि फुलांचा झुबकाही नेमका तिथूनच निघतो. शेंड्याकडचे काटे हिरवे, मऊ, बोटाने वाकतात, पण वीतभर खाली आलं की तेच तपकिरी, कडक आणि टोकाला जरासे वाकडे. गुलाबाचा काटा अंगठ्याने आडवा दाबला की कटकन निघतो, हा मात्र ओढला तर सोबत लाकडाचे तंतू घेऊनच येतो.

आता विचारायचंय ते असं की काटा आणि फूल मुळात एकच आहे का, आणि तसं असेल तर कुठे काय यायचं हे झाड कशावरून ठरवतं? कारण या वर्षी माझ्याकडे काटेच काटे, फुलं नावाला. रोज पाणी घालतो, युरियाही पडतो, कुंडी भिंतीच्या सावलीत आहे. आणि दुसरं म्हणजे एवढा बंदोबस्त असून पानांच्या कडा रात्रीत कुरतडलेल्या कशा? बॅटरी घेऊन गेलो तर हिरवी अळी, पाठीची कमान करत मापं घेत चालणारी, काट्याला वळसा घालून आरामात निघालेली. मग हे काटे नक्की कुणासाठी?

प्रतिसाद १:
बाळबोध कसला, भारी निरीक्षण आहे! बोगनवेलीचा काटा म्हणजे रूप बदललेली आखूड फांदी. बेचक्यातल्या त्या कोंबाचा एकतर काटा होतो नाहीतर फुलांचा दांडा, आणि तुम्हाला दिसला तो अर्ध्या वाटेवर मन बदललेला. गुलाबाचा काटा नुसता सालीचा उंचवटा असतो म्हणून स्वच्छ निघतो, निवडुंगाचा काटा म्हणजे पान, बाभळीचे जोडकाटे म्हणजे देठाच्या बुडाशी असणारी उपपर्णं. दिसायला सगळे काटेच, पण घराणी वेगळी. आणि ती गुलाबी पानं पाकळ्या नव्हेत बरं का, खरं फूल म्हणजे मधली पांढुरकी नळी, तीन रंगीत पानांना मिळून तीन.

प्रतिसाद २:
फुलं का नाहीत ते तुम्हीच लिहिलंयत की! सावली, रोज पाणी आणि वर युरिया, मग ती नुसती वाढत सुटणार आणि काटे काढणार. तिला कडक ऊन आणि थोडी उपासमार लागते. दिवस लहान झाले की फुलं जास्त येतात, तोवर माती वरून सुकल्याशिवाय पाणी नको.
काटे अळीसाठी नाहीतच. ते शेळी, हरीण असल्या तोंड घालणाऱ्यांसाठी, आणि तेही पूर्ण अडवत नाहीत, फक्त घास लहान आणि खाणं सावकाश होतं. शिवाय बोगनवेलीला तणावे नसतात, ती त्या वाकड्या काट्यांनीच दुसऱ्या झाडावर अडकत अडकत चढते. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिकही असतात, पण तुमची अळी त्यांनाही पुरून उरलेली दिसते. रात्री हाताने वेचा, औषध मारू नका.
जाता जाता, अंगठ्यातला तुकडा निघाला का? सांध्याजवळ आत राहिला तर कितीतरी दिवसांनी सांधा सुजतो, डॉक्टरांना दाखवून घ्या.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. तुकडा काल डॉक्टरांकडे जाऊन काढला, तीन मिलिमीटरचा असेल, केवढा ठणकत होता. अळ्या सात सापडल्या. युरिया बंद, आणि कुंडी आज सकाळी उन्हात ढकलली, ढकलताना मनगटात दुसरा घुसला. तो काट्यावरचा कोंब अजून आहे, कळी थोडी लांबट झालीय, उमलली तर फोटो टाकतो. पण छाटताना काटे असलेली फांदी ठेवायची की काढायची, हे कुणीतरी सांगा ना?