व्ही-क्रॉसला टायर कुठले घालू? सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

बी-302: नमस्कार मंडळी. गाडीचे टायर गोटा व्हायला आलेत. खाचेतल्या खुणेला नक्षी टेकलीच. गाडी इसुझु व्ही-क्रॉस पिकअप, फोर बाय फोर. दाराजवळच्या स्टिकरवर साइज 255/60 आर 18. या वेळी ऑल टेरेन घालायचं मनात आहे. आठवड्यातनं एखादी चक्कर मंगळवेढ्याला शेतावर, सीझनला डाळिंबाचे क्रेट घेऊन मार्केट यार्डात, बाकी गावातच. कुणी वापरलेत का?

सी-204: एक नंबर बे! ऑल टेरेन कशाला, सरळ मड टेरेन घाला. तेपण 265/65. बटण टायरवर व्ही-क्रॉस लई खतरनाक दिसती.

सेक्रेटरी: सदस्यांनी कृपया लक्षात घ्यावे, पाणी उद्या पहाटे येणार आहे. टाकी भरली की मोटर बंद करावी. ज्यांचा मेंटेनन्स बाकी आहे त्यांनी भरावा.

बी-302: सेक्रेटरीसाहेब, भरलाय मी 🙏 टायरचं बोला की कुणीतरी.

ए-101 अण्णा: ती खूण 1.6 मिलिमीटरवर असते. तिथं नक्षी टेकली म्हणजे टायर संपला. पावसात त्याच्यावर हायवेला जाऊ नको. मला आधी सांग, डांबरी सोडल्यावर शेतापर्यंत रस्ता कसा आहे?

बी-302: दोन-तीन किलोमीटर मुरूम, खडी वर आलेली. शेवटचा तुकडा काळी माती. मागच्या पावसाळ्यात तिथं रुतलो म्हणूनच ऑल टेरेनचं डोक्यात आलं.

ए-101 अण्णा: तिथंच गल्लत होते. जेवून लिहितो.

सी-204: अण्णा एस.टी.च्या वर्कशॉपात टायर सेक्शनला होते. आता रात्रीचे अकरा वाजणार 😄

ए-101 अण्णा: हां, ऐका.

टायर तीन जातीचे. एचटी हायवेचा, एमटी चिखलाचा आणि मधला एटी, म्हणजे तुझा ऑल टेरेन. मधला आहे म्हणून दोन्हीकडचं सगळं मिळतं असं नाही. आपल्या काळ्या रानात एक पाऊस पडला की ती माती चपलेला कशी धरते ते तुला सांगायला नको. पाय उचलला की अर्धं रान वर येतं. टायरलाही तशीच धरते. चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत एटीच्या खाचा भरून सपाट होतात. एकदा भरल्या की तो एटी आहे का एचटी, जमिनीला काही कळत नाही. एमटीच्या खाचा रुंद असतात, चाक जोरात फिरवलं की चिखल बाहेर फेकला जातो. म्हणून तो तिथं बरा. पण तेवढ्या शेवटच्या तुकड्यासाठी वर्षभर डांबरीवर एमटी घासायचा म्हणजे पैसे घासण्यातला प्रकार. डांबरीवर त्याचं आयुष्य कमी, ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब लागतो आणि आवाज तर विचारूच नको.

रुतलेल्या गाडीला टायर बदलण्याआधी हवा कमी करून बघ. 20 पीएसआयच्या आसपास उतरवली की टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो. फोर लो, म्हणजे चारही चाकांचा हळू गिअर, टाकून हळू काढायची. फक्त त्या हवेवर परत डांबरीला लागायचं नाही, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवायचा. आणि भर पावसात त्या तुकड्यात गाडी घालायचीच कशाला? मुरमावर उभी कर, पुढं चालत जा. रान तुझंच आहे.

बी-302: म्हणजे एटी नको म्हणताय?

ए-101 अण्णा: नको कुठं म्हटलं? घाल की. पण चिखलासाठी नको, मुरमासाठी घाल. त्या वर आलेल्या खडीवर एचटीची नक्षी चिरते, कडेचे तुकडे उडतात. एटीचं रबर आणि ठोकळे तिथं तग धरतात. शिवाय बांधावरच्या वेड्या बाभळीचे काटे. जाड ठोकळ्यात काटा रुतला तर आत पोचायला वेळ लागतो. खाचेत गेला तर मात्र एटी असो नाहीतर एमटी, पंक्चर ठरलेलं. आणि काटा बाजूच्या भिंतीत घुसला तर पंक्चर काढता येत नाही, टायरच बदलायचा. स्ट्रिप घालून देतो म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नको.

सी-204: अण्णा, मी बघितलेल्या एटीवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी छापलेली आहे. तो सगळ्यात भारी असतो ना?

ए-101 अण्णा: ती खूण बर्फाची परीक्षा पास झाल्याची. सोलापुरात बर्फ गोळ्याच्या गाडीवर. त्यासाठी जादा पैसे मोजायचे नाहीत.

बी-302 वहिनी: अण्णा, आवाजाचं खरं सांगा. मागच्या सीटवर सासूबाई असतात. आत्ताच म्हणतात गाडी फार खडखडते.

ए-101 अण्णा: वहिनी, एटीला थोडा घोंगावा असतोच, सत्तर-ऐंशीच्या पुढं जाणवतो. टायर जुना होईल तसा वाढतो. ठराविक अंतरावर पुढचे मागं, मागचे पुढं फिरवले तर बराच ताब्यात राहतो. मायलेजही थोडं पडणार. हे मान्य असेल तरच घ्या.

सी-101 मामा: साइजबद्दल मी बोलतो, विम्याचं काम आहे माझं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. कंपनीने दिलेली आणि आरसीवर असलेली माहिती बदलेल असा फेरफार गाडीत करायचा नाही. फेंडरच्या बाहेर आलेले टायर घातले आणि उद्या क्लेम आला तर सर्व्हेअर आधी तेच बघतो. स्टिकरवरचीच साइज घाला, डोक्याला ताप नाही.

सी-204: मामा, दहा मिलिमीटरने काय होतंय?

ए-101 अण्णा: हिशेबच करतो. साइजमधला पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, 18 म्हणजे रिमचे इंच. 255/60 आर 18 चा पूर्ण व्यास 763 मिलिमीटर. तू म्हणतोस त्या 265/65 चा 802. जवळजवळ पाच टक्के मोठा. म्हणजे काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी एकशेपाचने पळते. उंची किती वाढली? फरकाच्या निम्मी, एकोणीस मिलिमीटर. तेवढ्यासाठी इंजिनला जड, वळताना टायर आतल्या प्लास्टिकला घासायची भीती, आणि स्टेपनी? ती हौद्याखाली टांगलेली असते. मोठी साइज तिथं बसते का बघितलंस? नाही बसली तर हौद्यात टाक, क्रेटची जागा गेली.

सी-204: 🙏 बसलो गप.

ए-101 अण्णा: आता मुद्द्याचं, जे कुणी विचारत नाही. साइजच्या पुढं आकडा आणि अक्षर असतं. आकडा वजनाचा. 110 म्हणजे एका टायरला 1060 किलो, 112 म्हणजे 1120. अक्षर वेगाचं, एस म्हणजे ताशी 180, टी म्हणजे 190. क्रेट भरल्यावर सगळा भार मागच्या दोन टायरवर. म्हणून कंपनीने दिलेल्या आकड्याच्या खाली उतरायचं नाही. दुकानदार म्हणेल, "साइज तीच आहे, काय फरक पडतोय." पडतो. मे महिन्यात आपल्याकडं त्रेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंत पारा, खाली तापलेला डांबर, वर भरलेला हौदा आणि हवा कमी. टायर फुटतात ते असेच. नक्षी चांगली असतानाही फुटतात.

बी-302: एलटी, म्हणजे लाइट ट्रक, लिहिलेला एटी मिळतोय. जास्त दणकट म्हणे.

ए-101 अण्णा: दणकट आहे, बाजूची भिंत जाड. रोज वजन वाहणाऱ्याला तोच बरा. पण त्याला तेवढंच वजन पेलायला साध्यापेक्षा जास्त हवा लागते. एलटी घालून आपली नेहमीचीच हवा ठेवली तर वजन पेलायची ताकद उलट कमी होते. जास्त भरली की रिकामी गाडी दणके देणार, आणि सासूबाई मागं आहेत म्हणे. तुझं सीझनपुरतं काम, तुला साधा एटी पुरे. हवा सकाळी थंड टायरमध्ये बघायची. दुपारी जास्त दिसली म्हणून सोडायची नाही, ती उन्हानं वाढलेली असते.

बी-302: कंपनी कुठली?

ए-101 अण्णा: अपोलो, एमआरएफ, सीएट, जेके, योकोहामा, ब्रिजस्टोन, बीएफगुडरिच, एटी सगळेच काढतात. नावावर भांडू नका, ग्रुप फुटतो. तुझ्या साइजमध्ये पाच सारखे ज्याचे मिळतील तो घे. पाच म्हणजे स्टेपनी धरून. फोर बाय फोरला पुढं एक जात, मागं दुसरी असं चालत नाही. घेर वेगळा पडला की फोर व्हील लागल्यावर ताण गिअरवर येतो.

सी-101 मामा: बिल घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवर जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय. जुना भाव सांगत असेल तर विचारा.

सी-204: एटी असला म्हणजे पुरातनं तरी जाता येईल ना? 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पाणी आलं तेव्हा रस्तेच बंद होते.

ए-101 अण्णा: पुलावरनं पाणी वाहतंय तिथं कुठलाच टायर कामाचा नाही. गाडी तरंगायला लागली की नक्षी कुठं टेकणार? थांबायचं.

(दुसऱ्या दिवशी)

बी-302: अण्णा, दुकानात आहे. साइज तीच, वजनाचा आकडा जुन्याएवढाच, आयएसआयची खूण आहे. फोटो टाकलाय. टायरच्या भिंतीवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे 1223.

ए-101 अण्णा: म्हणजे 2023 सालच्या बाराव्या आठवड्यात बनलेला. जुना माल आहे. दुसरा लॉट दाखवा म्हण.

बी-302: आतनं आणले. 4025.

ए-101 अण्णा: हां, 2025 चा चाळिसावा. पाचही बघ, एकच फोटो नको. व्हॉल्व्ह नवे घालायला सांग, अलायनमेंट आणि बॅलन्सिंग तिथंच करून घे.

बी-302: पाचही 4025. बसवायला घेतलेत.

बी-302 वहिनी: अहो, येताना कडक भाकरी आणि शेंगा चटणी आणा. मामांनाही एक पुडा.

सेक्रेटरी: ज्यांच्या टाक्या भरल्या त्यांनी मोटर बंद करा. बी विंगमध्ये वरून पाणी पडतंय.