नोकरी सोडून सेवेला जाणं : पाचारण कुणी ओळखायचं?

रामबागकर
माझी भाची इथे इंदूरला एका खासगी रुग्णालयात नर्स आहे. ईस्टर झाल्यावर तिनं घरी सांगितलं, "मामा, मला सेवेचं पाचारण झालंय, देवानं हाक दिलीय. राजीनामा देते, सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्थेत जाते, मग झाबुआच्या आदिवासी भागाकडे." बहीण रडून रडून थकली, भावजी बोलतच नाहीत.

माझं मत असं की हाक एकटीला आली तरी निर्णय एकटीचा नसतो. बायबलमधला बाळ शमुवेल हाक ऐकून तीनदा एली याजकाकडे धावला. हाक कुणाची, हे त्या म्हाताऱ्यानं ओळखलं. अंत्युखियाहून बर्णबा आणि शौल निघाले, ते तिथल्या मंडळीनं, म्हणजे चर्चच्या लोकांनी, उपास-प्रार्थना करून, डोक्यावर हात ठेवून पाठवल्यावर. हाच शौल, म्हणजे पौल, तर करिंथात राहुट्या करून पोट भरत होता आणि शब्बाथाला सभास्थानात बोलत होता. म्हणून भाचीनं वर्षभर नोकरी सांभाळून संडेस्कूल, आजाऱ्यांच्या भेटी, वस्तीतली कामं करावीत. पाळकसाहेबांनी आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी ते पाहावं. राजीनामा त्यानंतर.

छावणीची ताई
दादा, मला हे अजिबात पटत नाही. मुलीला "वर्षभर थांब" म्हटलं की त्या वर्षात स्थळं येतात, भावाच्या शिक्षणाचं कर्ज येतं, कुणाचं तरी आजारपण येतं, आणि ते वर्ष संपतच नाही. येशूनं बोलावल्यावर पेत्र आणि अंद्रिया जाळी तिथेच टाकून निघाले होते.

आयडा स्कडर आठवा. अमेरिकन मिशनरी डॉक्टरची मुलगी, आईच्या आजारपणासाठी तमिळ मुलखात आलेली, इथे राहायचं नाही हे पक्कं ठरवलेली. एका रात्री तिघे जण दारात आले. प्रत्येकाची बायको बाळंतपणात अडलेली, पण पुरुष डॉक्टर चालणार नाही. त्या तिघी सकाळपर्यंत दगावल्या. त्या मुलीचं आयुष्य त्या एका रात्रीत ठरलं. कुठल्या मंडळीनं तिची परीक्षा घेतली होती?

रामबागकर
ताई, ठरलं एका रात्रीत, पण पुढे काय झालं? ती अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाली, १८९९ मध्ये पदवी घेतली आणि १९०० साली परत येऊन वेल्लोरला काम उभं केलं. ती रात्र १८९० ची. मधली सगळी वर्षं तयारीची होती. मी भाचीला जाऊ नको म्हणत नाही, तयारीनं जा म्हणतो.

परदेशीपुऱ्यातला मास्तर
रुग्णालय सोडायचंच कशाला? मार्टिन ल्यूथरनं सोळाव्या शतकात सांगितलं की चांभाराचं, मोलकरणीचं कामही देवानं दिलेलं पाचारणच आहे. रात्रपाळीला मरणाऱ्याचा हात धरून बसणारी नर्स सेवेत नाही, असं म्हणणारे आपण कोण? पाळकालाच वरची पायरी देण्याची सवय आपल्या मंडळ्यांतून जायला हवी.

स्नेहलतागंज
घरच्यांबद्दल कुणीच बोलत नाहीये. कवी ना. वा. टिळकांना राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थानं नवा करार दिला, पुढे १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्याची किंमत त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी मोजली. नवरा जिवंत असून काही वर्षं वेगळं राहणं, लोकांचे शब्द झेलणं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० चा, आणि तो कुणाच्या ओढण्यानं नव्हे, त्यांच्या मनानं. मला त्या दोघांत लक्ष्मीबाई मोठ्या वाटतात. भाचीनं आधी आईपाशी बसावं, परवानगी मागायला नाही, तिचं ऐकून घ्यायला.

आणि टिळकांनी मिशनचा पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला तो १९१७ साली, वारण्याआधी जेमतेम दोन वर्षं. हाक पंचविशीतच यावी असं कुठे आहे?

जुना इंदूरकर
मी हिंदू आहे, पण विषय आपल्या गावातल्या मुलीचा आहे म्हणून लिहितो. शुश्रूषेला हात जोडतो. पण झाबुआत नेमकं काय करणार, हे तिनं स्पष्ट सांगावं. मध्य प्रदेशात हा वाद नवा नाही. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ चा, जबरदस्तीच्या धर्मांतराविरुद्धचा धर्मस्वातंत्र्य कायदा १९६८ चा, आता २०२१ चा. सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये म्हटलं की धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. खाटेवरचा माणूस लाचार असतो. त्याच्या कानाशी धर्म बोलणं मला अन्याय वाटतो.

छावणीची ताई
काका, राणी मारिया सिस्टरांचं काम पाहा. केरळची कॅथलिक नन, उदयनगर भागात शेतमजुरांना सावकाराच्या तावडीतून सोडवायची, बँकेचं कर्ज आणि सरकारी योजना मिळवून द्यायची. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये लोकांसमोर तिला भोसकून मारलं. पुढे तिच्या सख्ख्या बहिणीनं मारेकऱ्याला राखी बांधली. २०१७ मध्ये इथेच, इंदूरला, कॅथलिक चर्चनं तिला धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी दिली. आणि संविधानाचं २५ वं कलम श्रद्धा पाळण्याबरोबर तिचा प्रसार करण्याचाही हक्क देतं.

रामबागकर
काकांचा खाटेचा मुद्दा मी पूर्ण मानतो, भाचीलाही तसंच सांगीन. पण बरा झालेला माणूस आपणहून विचारेल, "पोरी, तू इथे का आलीस?" तेव्हा तिनं येशूचं नाव लपवावं, हे मला मान्य नाही.

ताई, वर्षाचं मी सोडत नाही. सेमिनऱ्या साधारणपणे मंडळीचं शिफारसपत्र मागतात. जिचं काम कुणी पाहिलं नाही तिला ते कोणत्या तोंडानं द्यायचं?

छावणीची ताई
मग तारीख आजच ठरवा, आणि पुढच्या ईस्टरला तिला स्टेशनवर सोडायला तुम्ही स्वतः जा.